समाजवाद, भांडवलशाही आणि रयतेची तिजोरी

(करवीर तालुक्यातील एका गावी वाचनालयाच्या वार्षिक सभेत एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



वाचनालयाच्या चालकांनी मला 'समाजवाद म्हणजे काय' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला साधा मास्तर. अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. पण पंडितांनी हा विषय इतक्या अवघड शब्दांत गुंडाळून ठेवला आहे की, ज्याच्या पोटाशी त्याचा संबंध, त्यालाच तो कळेनासा झाला आहे. तेव्हा पोरांना बेरीज शिकवावी तितक्या सोप्या रीतीने आपण तो आज सोडवू.

पारावर बसले म्हणजे दोन बोल हटकून कानी पडतात. एक : "सरकार रस्ता करते, शाळा चालविते, रेशन देते, हाच समाजवाद." दुसरा : "कर भरणारे लोक निराळे, आपण गोरगरीब त्यांच्या जिवावर खाणारे." हे दोन्ही बोल खोटे आहेत, आणि दुसरा तर नुसता खोटा नाही, घातकी आहे. हे कसे ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम भांडवलशाही. आपल्या भागातले गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. घाणा, काहील, चुलवाण, इंजिन, शेड हे सारे एका मालकाचे. गुळव्या उकळत्या रसाची नाडी ओळखतो. चुलवाणात जळण घालणारा दिवसभर अंग भाजून घेतो. कोणी मोळ्या वाहतो, कोणी रवे बांधतो. या सर्वांना मजुरी मिळते. गूळ सौद्याला गेला, दर चढला, तर वरचा नफा मालकाचा. भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे. पेटीत पडून असतो तो पैसा. त्याचा घाणा झाला, त्यावर इतरांचे हात राबू लागले आणि त्यातून आणखी पैसा निघू लागला, म्हणजे ते भांडवल झाले. उत्पन्नाची साधने खासगी मालकाची, उत्पादन नफ्यासाठी, आणि ज्यांच्यापाशी साधन नाही त्यांनी आपले श्रम विकून पोट भरावयाचे, अशी जी समाजाची घडण तिला भांडवलशाही म्हणतात. यात मालक दुष्टच असतो असे नाही. तो देवमाणूस असेल, दिवाळीला मजुरांना कपडे करीत असेल; तरी व्यवस्था तीच. या व्यवस्थेने यंत्रे वाढविली, धाडस करणाऱ्याला वाव दिला, हेही खरे आहे. ते नाकारून आपल्याला बोलावयाचे नाही.

आता समाजवाद. त्याच्या खुणा तीन. गुऱ्हाळाची साधने एकट्याची न राहता समाजाच्या मालकीची व्हावी, ही पहिली. माल कोणाएकाच्या नफ्यासाठी न निघता सर्वांच्या गरजेसाठी निघावा, ही दुसरी. आणि कारभारात राबणाऱ्याला मत असावे, ही तिसरी. या तिन्ही खुणा ध्यानात ठेवा. कारण पुष्कळ लोक पहिलीचाच अर्धा भाग उचलतात आणि जे जे सरकारी ते ते समाजवादी असे म्हणू लागतात. टपालखाते इंग्रजांच्या अमलात सरकारीच होते. मोठमोठ्या आगगाड्याही त्यांनी पुढे आपल्या ताब्यात घेतल्या. म्हणून इंग्रज सरकार समाजवादी ठरले काय? जर्मनीत बिस्मार्कने १८७८ साली समाजवाद्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रे यांच्यावर बंदीचा कायदा केला, आणि त्याच बिस्मार्कने १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदाही केला. समाजवाद्यांचे तोंड बांधायचे आणि कामगाराला औषध द्यायचे, ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली. अमेरिका ही भांडवलशाहीची काशी; पण तेथेही गावोगावच्या सरकारी शाळा घरजमिनीवरील करातून चालतात. तेव्हा रस्ता, शाळा, दवाखाना सरकारने चालविला म्हणजे समाजवाद आला, हा भ्रम सोडा.

आपल्या जिल्ह्याने तिसरीही एक वाट पाहिली आहे, ती सहकाराची. साखर कारखाने, पाणीपुरवठा संस्था, १९६३ साली स्थापन झालेला जिल्ह्याचा दूध संघ, ही त्याची फळे. येथे मालक एक नाही, सभासद पुष्कळ. आणि शेअर किती का असेनात, कायद्याने मत एकालाच एक. दोन म्हशींच्या धन्याला यामुळे बाजारात उभे राहता आले, हे थोडे नव्हे. परंतु ऊस तोडावयास बीडकडून जी कुटुंबे पोरेबाळे घेऊन येतात, ती कारखान्याची सभासद नसतात. गुळव्यालाही गुऱ्हाळात मत नव्हते. तोडकऱ्यालाही कारखान्यात नाही. ज्याला आपण 'शेतकऱ्यांचे राज्य' म्हणतो त्याच्याही कुंपणाबाहेर कोणी उभा आहे, हे विसरू नये.

आपल्या राज्यघटनेने काय केले? बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मुख्य धंदे सरकारच्या मालकीचे करावे, आणि शेतीही सरकारी धंदा म्हणून चालवावी, अशी योजना मांडली होती. पण पुढे १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत 'समाजवादी' हा शब्द घालण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे. आणि मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आलेलाच आहे, असेही ते म्हणाले. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्द सरनाम्यात आला. त्यावर वाद होऊन २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ लोककल्याणकारी राज्य असा आहे, खासगी धंद्याला त्याने मनाई होत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे आज आपल्या देशात मालकी बहुतांशी खासगी, थोडी सरकारी, थोडी सहकारी. आणि या सर्वांच्या खाली अंथरलेली एक चौथी वस्तू आहे. ती म्हणजे सार्वजनिक तिजोरी.

पुन्हा गुऱ्हाळावर चला. मालकाचा गूळ शाहू मार्केट यार्डात पोचतो तो कोणत्या रस्त्याने? तो रस्ता मालकाने केलेला नाही. उसाला पाणी मिळाले ते राधानगरीच्या धरणाचे. ते धरणही त्याने बांधले नाही. हिशेब करणारा दिवाणजी वाचावयास शिकला तो गावच्या शाळेत. भांडवलदार म्हणतो, मी माझ्या हिमतीवर उभा आहे. असेल, पण हिंमत ज्या जमिनीवर उभी आहे ती रयतेच्या पैशाने सपाट केलेली आहे. म्हणून म्हणतो, भांडवलशाही आणि समाजवाद हे मालकीचे शब्द आहेत. कर हा विश्वासाचा शब्द आहे. राज्य कोणत्याही वादाचे असो, तिजोरीला तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : पैसा कोणाच्या घामाचा? खर्च कोणाच्या उपयोगाचा? आणि हिशेब कोणापुढे मांडला?

पहिला प्रश्न. पैसा कोणाचा? शहरातला नोकरदार म्हणतो, "आम्ही टॅक्स भरतो आणि खेडूत मजा करतात." त्याचा टॅक्स इन्कम टॅक्स, तो कापला गेल्याचा कागद त्याला मिळतो, म्हणून तो दिसतो. शेतमजूर बाई मोबाईलमध्ये ११८ रुपयांचे रिचार्ज मारते, तेव्हा त्यातले १८ रुपये कराचे असतात : ९ केंद्राचे, ९ राज्याचे. तिच्या हाती त्याचा दाखला कोणी देत नाही. १ जुलै २०१७ पासून हा जी.एस.टी. देशभर आहे. दुकानदार तो भरतो म्हणतात, पण तो सोसते ती गिऱ्हाईक बाई. मुलाची चप्पल, घराचे सिमेंट, खताची पिशवी, यांवर कर आहे. मोटारसायकलीतल्या पेट्रोलवर कर आहे. कोट्यधीशाने घेतलेल्या साबणावर आणि तिने घेतलेल्या त्याच साबणावर कर सारखाच. पण तिच्या रोजंदारीत त्या कराचा वाटा किती मोठा, आणि त्याच्या मिळकतीत किती लहान! माझा पगारही त्याच पैशातून होतो. तेव्हा या सभेत मास्तर आला आहे तो सरकारचा माणूस म्हणून आला असे समजू नका; आपल्या चाकरीतला माणूस म्हणून आला आहे असे समजा.

हा विचार नवा नाही. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करण्यास हंटर कमिशन आले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून उभा राहतो, आणि तो उच्च शिक्षणावर म्हणजे वरच्या वर्गांच्या मुलांवर उधळला जातो. ज्याने पैसा दिला त्याचे पोर मात्र अक्षरशत्रू राहते, हे त्यांनी साहेबाच्या तोंडावर सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. त्या काळी मुंबई इलाख्यात शेतकऱ्याकडून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई, रस्ते आणि शाळा यांच्या नावाने. पट्टी सर्वांकडून वसूल व्हावयाची आणि पाटी थोड्यांच्याच हाती यावयाची, हा तो न्याय. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताला एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. सगळ्या सभेत एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. स्वागत करावयाचे तर आपल्या खिशातून करावे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे सोपे असते.

दुसरा प्रश्न, खर्च कोणासाठी? याचे उत्तर आपल्या करवीर संस्थानात मिळाले. शाहू महाराज समाजवादी नव्हते. ते राजे होते, आणि तिजोरी त्यांचीच म्हणण्याचा त्या काळी रिवाज होता. पण १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्यासाठी वर्षाला एक लाख रुपये काढून ठेवले, आणि जो बाप मुलाला शाळेत पाठविणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ साली चिखली गावापासून त्या योजनेस आरंभ झाला. भोगावती अडवून राधानगरीचे धरण बांधण्याचे काम त्यांनीच काढले. ते पैशाअभावी मध्येच थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आज त्याच्या आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांची बातमी पावसाळ्यात आपण सगळे कान देऊन ऐकतो. ज्याने धरण आरंभिले त्याने ते पुरे झालेले पाहिले नाही. सार्वजनिक पैशाचा खरा उपयोग पुष्कळदा असाच असतो : पेरणारा एक, कापणारा त्याचा नातू. पुढच्या निवडणुकीपुरते पाहणाऱ्याच्या हातून असले काम होणार नाही.

तिसरा प्रश्न, हिशेब कोणापुढे? याचा धडा कोल्हापूर शहराने आपल्या डोळ्यांदेखत गिरविला. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते सुमारे २२० कोटी रुपये खर्चून एका कंपनीने करावेत आणि तीस वर्षे टोल घेऊन पैसे वसूल करावेत, असा करार झाला; भरीस एक मोठा भूखंडही कंपनीला द्यावयाचा ठरला. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' असे त्या रीतीचे नाव. करार झाला तेव्हा किती नागरिकांनी तो वाचला होता? गावात शिरण्याच्या वाटेवर नाके उभे राहिले, २०१३ साली वसुली सुरू झाली, तेव्हा लोक खडबडून जागे झाले. पेट्रोलवर कर भरला, गाडीवर कर भरला, घरपट्टी भरली. आता आपल्याच गावात शिरण्यास पैसे कशाचे? प्रा. एन. डी. पाटील, कॉम्रेड गोविंद पानसरे आणि सर्व पक्षांची मंडळी रस्त्यावर उतरली. पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० तारखेला ते गेले. टोल गेलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस शासनाला तो टोल रद्द करणे भाग पडले.

गुलाल उधळला गेला, तो योग्यच होता. पण हिशेब तेथे संपत नाही. कंपनीचे पैसे चुकते करण्याचे शासनाने ठरविले, आणि शासनाचा पैसा म्हणजे पुन्हा तुमचा-आमचाच. टोल गेला, रस्त्याची किंमत गेली नाही. ती आता नाक्यावरून न देता तिजोरीतून द्यावयाची झाली, आणि तीत कोल्हापूरचा रस्ता ज्याने कधी पाहिला नाही त्या चंद्रपूरच्या मजुराचाही वाटा आला. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. फुकट रस्ता नावाची वस्तू जगात नाही. आणि हिशेब मागावयाचा तर तो करारावर सही होण्याआधी मागावा, नाका उभा राहिल्यावर नव्हे.

आता हल्लीचा एक वाद. २०२४ च्या जुलैपासून राज्य सरकार गरीब घरातील बायकांना महिना १५०० रुपये देऊ लागले, तेव्हा पुष्कळ शहाणे ओरडले की, 'कर भरणाऱ्यांचा पैसा उधळला, समाजवाद आला.' हा समाजवाद नव्हे. कारण त्या बाईच्या मालकीचे साधन काही वाढले नाही. पण हेच शहाणे सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर शेकडा ३० वरून २२ वर आणला तेव्हा 'उधळपट्टी' म्हणाले नाहीत, 'उत्तेजन' म्हणाले. घेणे होते ते सोडून दिले काय आणि खिशात घातले काय, तिजोरीच्या वहीत दोन्ही सारखेच. बाईला दिले की भीक आणि कंपनीला दिले की उत्तेजन, हा दुटप्पी कोश आपण फाडून टाकला पाहिजे. दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारा. बाईलाही असे सांगा की, महिन्याच्या १५०० रुपयांबरोबर गावात दवाखाना आणि लेकीला शाळा यांचा हक्क सोडू नकोस. रोख रक्कम हाती देऊन शाळा काढून घेतली, तर तो सौदा तोट्याचा आहे.

शाळेचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण या गावापुढे तो उद्या उभा राहील. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जोतीरावांनी १८८२ साली मागितले, महाराजांनी १९१७ साली संस्थानापुरते केले, ते साऱ्या देशाला मिळावयास इतकी वर्षे लागली. आणि २०२३ च्या सप्टेंबरात काय झाले? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागविले. त्याच महिन्यात कंपन्यांनी आणि दात्यांनी सरकारी शाळा 'दत्तक' घ्याव्या व शाळेला आपण सुचविलेले नाव जोडावे, अशीही योजना निघाली. दात्याने दान द्यावे; त्याचे स्वागत आहे. पण दत्तक देतात ते ज्याला आईबाप नाहीत किंवा ज्यांना पोर पोसवत नाही त्यांचे. ही शाळा काय पोरकी आहे? ११८ रुपयांच्या रिचार्जमागे १८ रुपये देणारी ती शेतमजूर बाई तिची आई आहे.

कमी पटाची शाळा खर्चिक असते, हे मला मान्य आहे. पण वाडीवरची सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून चार किलोमीटर जाणार नाही. ती घरी राहील आणि भाऊ तेवढा जाईल. त्या खर्चाचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. तो तिच्या आयुष्यात सापडतो.

मग आपण काय करावे? मी तुम्हांला क्रांती करावयास सांगत नाही. चार साधी कामे सांगतो. वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते. गणपूर्तीला मतदारांचे शेकडा १५ किंवा १०० माणसे, यांतील कमी असेल तेवढी पुरतात. तरी सभा तहकूब करण्याची पाळी येते, ही लाजेची गोष्ट आहे. तेथे बाया-माणसांनी जावे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून शेकडा १५ मागासवर्गीयांसाठी, १० महिला व बालकांसाठी आणि ५ अपंगांसाठी खर्च व्हावयाचे असतात. ते कोठे गेले, हे नम्रपणे पण उभे राहून विचारावे. उत्तर न मिळाले तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहावा. ज्याला लिहिता येत नाही त्याला मी लिहून देईन. चौथे काम शाळेच्या व्यवस्थापन समितीचे. तिच्यात शेकडा ७५ पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. ती कागदावर न ठेवता खरोखर भरवा, आणि मी वेळेवर येतो की नाही, पोरांना वाचता येते की नाही, याचाही जाब तेथे मला विचारा. मास्तरला भिऊ नका. त्याची शाळा तुमची आहे.

आणि घरपट्टी, पाणीपट्टी थकवू नका. ज्याने पट्टी बुडविली त्याचा आवाज ग्रामसभेत बसतो. कर चुकविणारा मोठा धनी आणि पट्टी थकविणारा लहान घरवाला, दोघेही त्याच तिजोरीला भोक पाडतात. भोक लहानमोठे, एवढाच फरक.

समाजवाद येईल की भांडवलशाही टिकेल, हे मला सांगता येणार नाही. ते तुम्ही मतांनी ठरवाल, तुमची मुले ठरवितील. बाबासाहेबांनी तो हक्क जाणूनबुजून तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. पण राज्य कोणाचेही येवो, तिजोरी रयतेची आहे. जो स्वतःला फुकट खाणारा समजतो, त्याला हिशेब मागण्याची लाज वाटते. म्हणूनच मघाशी तो बोल घातकी म्हटला. आपण देणारे आहोत हे ज्या दिवशी प्रत्येक बाईला आणि प्रत्येक गड्याला कळेल, त्या दिवशी त्यांची मान आपोआप वर होईल.